पाचवे तिकीट

छोटे,

संध्याकाळच्या खेळाची पाचही तिकिटे फ्रिजवर चुंबकाखाली लावली आहेत. तुम्ही दोघे आणि तुझे होणारे सासू-सासरे जाऊन या. मी येणार नाही. माझी दाढ दुखते आहे असे सांग. कोणी विचारलेच, तर डावीकडची, खालची.

भांडखोर व्याह्यांच्या त्या सिनेमाचा पहिला भाग पाहताना आपण सगळे पोट धरून हसलो होतो. आता दुसऱ्या भागाला तसे होणार नाही. गेल्या रविवारी मी तुझ्या होणाऱ्या सासरी नव्या जिन्याला पाहुण्यांदेखत टेप लावला आणि तिसरी पायरी अर्धा इंच उंच असल्याचे जाहीर केले. "साहेब, आता चहाही मोजूनच घेणार का?" असे तुझे सासरे म्हणाले, ती मला थट्टाच वाटली. जिना त्यांनी दोन महिने स्वतः उभे राहून बांधून घेतला होता, हे परतताना तू सांगितलेस. पायरी उंच आहे, हे खरे. चारचौघांत बोलायला नको होते, हेही खरे.

काल गॅलरीत तू मैत्रिणीला फोनवर म्हणालीस, "बाबा नसले तर सगळे मोकळेपणाने हसतील गं." दार उघडे होते. तुझे बरोबर आहे. मला राग नाही.

पाचव्या तिकिटावर त्या मैत्रिणीलाच ने. मी दुपारच्या खेळाला एकटा जातो आहे. उद्या जेवताना तू त्यातले काही सांगू लागलीस, तर कुठे हसायचे ते मला ठाऊक असेल.

— बाबा