मस्कतची गाडी, सांगलीचं ब्रॅकेट

२ नोव्हें., मस्कत
इंजिन एकदाचं चालू झालं. कुणाच्या तरी शेडमध्ये वर्षानुवर्षं पडून असलेली लाल जपानी स्पोर्ट्स गाडी, वयानं माझ्याहून थोडीच लहान. मनीषा चहा घेऊन बाहेर आली, "शेजारी तक्रार करतील," म्हणाली आणि तिथंच ऐकत उभी राहिली.
ताकद वाढवली, पण थांबवायचं कसं? नव्या गाडीचे मोठे ब्रेक मिळालेत. ते बसवायला मधे जाड पोलादी ब्रॅकेट लागतं, ते तयार कुठंच मिळत नाही. सुट्टीत सांगलीला थोरल्या बहिणीला, आक्काला दाखवतो.

९ नोव्हें., सांगली
दादा, म्हणजे आमचे वडील, गेल्यावर कुपवाडचं वर्कशॉप आक्कानंच चालवलं. तेव्हा भावकी म्हणायची, बाईमाणसाला लेथ झेपायचा नाही. आता जुन्या लेथशेजारी कॉम्प्युटरवरची मशिनं. इथले पंपाचे भाग पार परराज्यात जातात.
ड्रॉइंग पुढं ठेवलं. चष्मा लावून बघितलं तिनं.
"गाडीत मनीषाबी बसणार का?"
व्हय.
"मग घाई करू नगंस."

१४ नोव्हें.
पहिली जोडी तयार. मला झकास वाटली. पिशवीत घालणार, तेवढ्यात आक्कानं काढून घेतली. एक भोक केसभर सरकलंय. म्हटलं, एवढं चालतंय की गं.
"पंपाला चाललं असतं. ब्रेकला न्हाई."
माझ्यादेखत भंगारात टाकली. राग आला, खोटं कशाला लिहू.
मनीषा साताऱ्याला माहेरी, माझी वाट बघत. फोन केला, यायला उशीर होईल. "गाडीपायी?" ब्रेकपायी. हसली. निभावलं.

१७ नोव्हें., सातारा
दुसरी जोडी घेऊनच आलो. बोल्ट बोटानं अलगद सरकतो, आणि तसूभर हलत नाही. मनीषाचे वडील फौजेतून निवृत्त, कौतुक सहसा करत नाहीत. हातात घेऊन तोललं.
"कुणी केलं?"
आमच्या आक्कानं.
"मग गाडी थांबंल."
विषय संपला. मला रात्रभर पुरला.

२८ नोव्हें., मस्कत
बसवलं. कुठं घासायला लागलं नाही. मोकळ्या मैदानात जोरात पळवून कचकन ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली. जुन्या ब्रेकवर डावीकडं ओढायची. पुन्हा पळवली. पुन्हा सरळ. मनीषाचा पट्टा तिला रुतला, तरी म्हणते, अजून एकदा.

५ डिसें.
सरकारी तपासणी. ब्रेक बदललेत म्हणून नापास केलं असतं तर वर्षभराची मेहनत वाया. तपासनीस खाली वाकून बराच वेळ ब्रॅकेटच बघत होता. विचारलं, हे कुठल्या कंपनीचं?
म्हटलं, माझ्या बहिणीनं बनवलंय. सांगलीत.
सांगली कुठं, ते त्याला काय ठाऊक. पण पास केली. लगेच आक्काला फोनवर कळवलं. "बरं," एवढंच. मागं मशीन चालू होतं, ते मात्र तिनं बंद केलेलं ऐकलं मी.

१२ डिसें.
इथं असली गाडी असणाऱ्या आणखी काही जणांना तसंच ब्रॅकेट हवंय. आक्काला सांगितलं. किती नग, ते आधी विचारलं. मग, "करू की. पण तू लांबनं सांगणार आणि मी हितं एकटी करणार, असं किती दिस? ये हिकडं. दोघं मिळून करू."
इथली नोकरी चांगली आहे. आणि गाडी डाव्या हाताच्या स्टिअरिंगची, भारतात रस्त्यावर चालवायला परवानगी नाही. गेलो तर ती इथंच सोडायची.
मनीषाला विचारलं. "मला सातारा जवळ पडंल. पण माझ्यासाठी म्हणून नको."

१९ डिसें.
डोंगरात गेलो होतो. वळणावळणाचा उतार, ब्रेक एकदाही तापून ढिले पडले नाहीत. मनीषा म्हणाली, आमच्या साताऱ्याकडच्या पसरणी घाटात काय मजा आली असती. मी पुढचं वळण घेतलं.
घरी येऊन आक्काला फोन. आता मागच्या चाकांचेही ब्रेक बदलायचेत, मापं काढलीत, उद्या पाठवतो.
"पाठवू नगंस. घिऊन ये."
फोन ठेवला तिनं. मापांचा कागद टेबलावर आहे. वाऱ्यानं उडू नये म्हणून मनीषानं त्यावर चमचा ठेवलाय. अजून तरी मी तो पाठवलेला नाही.