जेवणाआधीचा उतार

प्रिय बारक्या,

हे पत्र घरी न देता गॅरेजवर देते आहे. घरी दिलं असतं तर तुझ्या बायकोने आधी उघडलं असतं, आणि यातलं सगळं तिला कागदावरून कळू नये असं मला वाटतं. रंगाच्या खोलीत जा, दार लावून घे आणि शेवटपर्यंत वाच. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू दोन वाक्यांत मला हसवतोस आणि जे बोलायला फोन केलेला असतो ते तसंच राहून जातं. या पंधरा दिवसांत तीनदा तसं झालंय.

तू नऊ वर्षांचा होतास तेव्हापासून सुरू करते. तुला मधुमेह आहे हे डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी आई दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिली होती आणि तू मला विचारत होतास, की आता शाळा बुडेल का. घरी आल्यावर आईने नियम केला: आधी इंजेक्शन, मग वीस मिनिटं, मग ताट. एक मिनिट कमी नाही की जास्त नाही. तू ताटासमोर बसून घड्याळाच्या काट्याला शिव्या द्यायचास आणि मीही तुझ्यासोबत उपाशी बसायचे. पुढे मी पेशींच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली ती काही तुझ्यासाठी नव्हे, मिळाली म्हणून धरली. पण आमच्याकडे इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचं काम सुरू झालं, तेव्हा मी कुणालाही न विचारता माझं टेबल त्या बाजूला हलवून घेतलं.

मी काय करते हे तुला शंभरदा सांगितलंय आणि तू शंभरदा थट्टा केली आहेस. समुद्री शेवाळातून काढलेल्या घट्टसर द्रवात पेशी मिसळायच्या, तो द्रव सुईतून थेंबथेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडायचा. पडला की थेंब गोठतो आणि मोहरीएवढा मणी तयार होतो, आत जिवंत पेशी. त्या मण्यावर पॉलिमरचा थर चढवायचा, हे माझं काम. थर असा हवा, की रक्तातली साखर आत जावी, इन्सुलिन बाहेर यावं आणि शरीराला मात्र मण्याचा पत्ता लागू नये. पत्ता लागला तर शरीर त्याच्याभोवती जाड व्रणासारखं कातडं विणतं आणि आतल्या पेशी गुदमरून मरतात. तू विचारलं होतंस, किती जाड असतो तुझा थर? मी सांगितलं तेव्हा म्हणालास, "एवढा पातळ कोट मी गाडीला मारला तर मालक मला दुपारच्या आत हाकलेल. तरी बघ ताई, आपण दोघं एकाच धंद्यात."

माणसांवरच्या चाचणीत तू नाव दिलंस ते माझ्या सांगण्यावरून. अर्जावर प्रश्न होता, प्रयोगशाळेत काम करणारं कुणी नात्यात आहे का. तू 'नाही'वर खूण केलीस. तो अर्ज माझ्या टेबलावरून पुढे गेला. आडनावं वेगळी, कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं. मी तो पाहिला आणि गप्प बसले. तिथून तू आमच्या कागदांवर 'सात नंबर' झालास.

पहिले दोन महिने आठवतात? मणी पोटात सोडले, सहाव्या आठवड्यात चाचणीचे प्रमुख असलेल्या आमच्या सरांच्या देखरेखीखाली तुझं इन्सुलिन पूर्ण थांबलं आणि साखर जागच्या जागी राहिली. त्या दिवशी तू प्रयोगशाळेच्या फाटकाशी उभा राहून अख्खं आइस्क्रीम खाल्लंस आणि आपली ओळख नसल्यासारखा माझ्याकडे बघून टोपी उंचावलीस. मी आत जाऊन हात धुण्याच्या निमित्ताने रडले. तेव्हा ते खरं होतं, बारक्या. निदान तेवढं तरी खरं होतं.

तिसऱ्या महिन्यात रक्ताचा एक अहवाल आला. शरीरातल्या पेशी इन्सुलिन तयार करतात तेव्हा त्यासोबत आणखी एक छोटा तुकडा रक्तात सुटतो. पेनमधून टोचलेल्या इन्सुलिनसोबत तो नसतो. पेशी जिवंत आहेत की नाहीत हे आम्ही त्या तुकड्यावरून ओळखतो. सात नंबरच्या रक्तात तो जवळजवळ नव्हताच. साखर मात्र उत्तम. माझ्या मनात पाल चुकचुकली, ती पहिल्यांदा नर्सबाईंच्या नावाने.

रक्ताच्या नळ्या बर्फात ठेवून आमच्याकडे आणायचं काम त्यांचं. नळी बाहेर राहिली तर तो तुकडा नासतो. मी त्यांच्यावर नजर ठेवायला लागले. त्या चहाला किती वाजता जातात, बर्फाचा डबा कुठे ठेवतात, नोंदवहीत वेळ आधी लिहितात की नंतर. एकदा तर त्या जेवायला गेल्या असताना मी त्यांचं कपाट उघडून वही चाळली. काही सापडलं नाही, तर मला वाटलं की बाई भलत्याच सावध आहेत. त्यांनी मला एकदा सरळ विचारलं, "माझं काही चुकतंय का? सांगा ना." मी म्हटलं, "छे हो, सहज बघत होते." आणि त्याच दुपारी सरांकडे लेखी तक्रार दिली. बाईंना चाचणीवरून काढून बाहेरच्या नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. सव्वीस वर्षांची नोकरी त्यांची. जाताना त्यांनी बर्फाचा डबा पुसून माझ्या टेबलावर ठेवला.

नवी नर्स आली. मी स्वतः तिच्यासोबत चालत नळ्या आणल्या. पुढचा अहवाल तसाच.

मग माझा संशय सरांवर गेला. कुठेतरी पाणी मुरतंय एवढं नक्की होतं. सरांना पुढच्या महिन्यात मोठ्या सभेत हे काम मांडायचं होतं, आणि सात जणांपैकी इन्सुलिन पूर्ण सुटलेला तू एकटा. मला वाटलं, हे साखरेचे आकडे सुधारून लिहीत असतील. त्यांच्या खोलीत सगळ्यांचे कागद फायलीत असतात. ते वर मीटिंगला गेले तेव्हा मी आत शिरले, चोरासारखी. तुझी फाइल उघडली. एकही आकडा खोडलेला नव्हता. त्या अहवालाभोवती त्यांनी लाल शाईने गोल काढला होता आणि समासात लिहिलं होतं, "हे जुळत नाही. का?" माझ्याइतकेच ते अडलेले होते, आणि कुणावर आळ न घेता. फाइल बंद करताना माझे कान गरम झाले होते.

राहिला तुझ्या दंडावरचा सेन्सर. तो दर पाच मिनिटांनी साखर नोंदवतो आणि जेवणाची वेळ तू डायरीत लिहितोस. दोन्ही समोरासमोर ठेवून मी पाहायला बसले. माणूस जेवतो, साखर चढते, पेशींना ते कळतं, त्या इन्सुलिन सोडतात, मग साखर उतरते. सहाव्या आठवड्यात इन्सुलिन थांबलं तेव्हा तुझी रेघ अशीच होती. तिसऱ्या महिन्यापासून उतार जेवणाच्या आधी सुरू होत होता. पहिल्या घासाच्या पाच-सात मिनिटं आधी. रोज. मी सेन्सर बिघडलाय असं धरलं, घड्याळ मागे-पुढे झालंय असं धरलं. पण पेशींना जेवणाची वर्दी आधीच कोण देतंय? आणि मग आईचं घड्याळ आठवलं. वीस मिनिटं, बारक्या. टोचलेलं इन्सुलिन लागू पडायला त्यातली तेरा-पंधरा जातात, मग उतार सुरू होतो. चाळिशी आली तरी तुझा हात त्या वेळेला चुकत नाही.

तरी मला ते खरं मानायचं नव्हतं. म्हणून रविवारी तुझ्याकडे जेवायला आले. तुला वाटलं, ताई खूश होऊन आलीये. मी पाहायला आले होते. तू मला पाणी दिलंस तेव्हा मी तुझी बोटं पाहत होते, खिसे पाहत होते, बाथरूममध्ये गेलास तेव्हा कान देऊन होते. जेवायला वीसेक मिनिटं होती, तुझी बायको पोळ्या लाटायला लागली आणि तू म्हणालास, "गाडीत चष्मा राहिला, आणतो." मी गॅलरीत गेले. तू गाडीत बसलास, दार ओढून घेतलंस, सदरा वर केलास. वरून समोरच्या काचेतून सगळं दिसत होतं. मग पेन मोज्यात खोचलंस आणि आरशात केस सारखे करून वर आलास. चष्मा आणायचा विसरलासच. गोडाचा दुसरा वाटा घेताना मला म्हणालास, "बघ ताई, सुईचं नाव नाही!" आणि मी, तुझी सख्खी बहीण, म्हणाले, "वा."

त्यानंतर मी ओट्याशी तुझ्या बायकोला भांडी पुसू लागले. मला तिचाही संशय होता, की हिला ठाऊक असणार. तर ती म्हणाली, "ताई, तुमचे उपकार कसे फेडू? लग्नापासून मी झोपेत याचा हात चाचपायची, घामाने गार तर नाही ना पडला. आता बिनघोर झोपते. साखरेचा डबासुद्धा उशाजवळून उचलून आत ठेवला." माझ्या हातातली वाटी निसटली. फुटली नाही. तिला वाटलं, मला भरून आलं.

तू हे का केलंस ते मला घरी परतताना बसमध्ये उलगडलं. चार महिन्यांपूर्वी मी तुझ्याच स्वयंपाकघरात रडले होते. हा थर टिकला नाही तर माझं टेबल बंद, असं वरून सांगितलंय, म्हणाले होते. तू भाजी चिरत होतास. न वळता म्हणालास, "टिकेल गं. मी टिकवतो." मला ते नेहमीचं तुझं बोलणं वाटलं. साखर वर जायला लागली तेव्हा तुला कळलंच असणार, मणी गेले. एवढ्या वर्षांत तुझ्या शरीराची तुझ्याइतकी माहिती कुणाला आहे? आणि तू मला न सांगता पेन उचललंस. यावर रागावायचं की काय करायचं, मला समजत नाही. दोन्ही झालंय माझं.

पण पलीकडचं तुला दिसत नाहीये. गेल्या मंगळवारी तुझी साखर चौपन्नपर्यंत घसरली होती, भोवळ येऊन पडण्याइतकी खाली, दुपारी साडेतीनला. तू तेव्हा त्या बंद खोलीत स्प्रे घेऊन उभा असशील. पडला असतास तर कुणी तोंडात साखर घातली नसती, कारण सगळ्यांच्या लेखी तू इन्सुलिन घेतच नाहीस. आणि ती ग्रंथपालबाई आठवते, दुसऱ्या गटातली? वाट बघायच्या बाकावर तू तिला म्हणालास, "बिनधास्त व्हा, मी सोडलंय, तुमचंही सुटेल." ती एकटी राहते. तिचं इन्सुलिन उद्या बंद होणार होतं, तुझ्या आकड्यांच्या भरवशावर. रविवारी हे सगळं कळूनही मी सोमवार, मंगळवार, बुधवार गप्प राहिले. सरळ सांगते, माझं टेबल मला हवं होतं. मी नर्सबाईंवर संशय घेतला, सरांवर घेतला, तुझ्या बायकोवर घेतला, आणि जिने अर्जावरची खोटी खूण पाहून पुढे सरकवली तिच्याकडे मात्र कधी वळून पाहिलं नाही.

म्हणून आज सकाळी दहा वाजता मी सरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. तू माझा भाऊ आहेस, अर्ज, पेन, मी त्यांची फाइल उघडली होती, सगळं. मला वाटलं, ते ओरडतील. त्यांनी चष्मा काढला आणि एकच विचारलं, "आत्ता या क्षणी त्यांची साखर खाली गेली, तर आजूबाजूला ओळखणारं कुणी आहे का?" मी म्हटलं, नाही. "मग इथे काय बसलात? जा आधी." ग्रंथपालबाईंचं इन्सुलिन चालूच राहणार आहे. तुझे मणी पुढच्या गुरुवारी काढतील, लहानसं ऑपरेशन आहे, आणि त्यांच्यावर काय चढलंय ते मला बघू देणार नाहीत, कारण मी आता या कामावर नाही. जाता जाता नोंदणीच्या खिडकीवर थांबले. नर्सबाई म्हणाल्या, "मला एकटीला सांगून काय उपयोग? तक्रार लेखी केलीत, माफीही लेखी द्या." दिली. तिथेच, रांगेतल्या लोकांसमोर उभं राहून लिहिली. मग आणखी कागद मागून घेतले आणि थेट इथे येऊन हे पत्र लिहायला घेतलं, कारण समोर आले असते तर तू मला हसवून परत पाठवलं असतंस. मी गॅरेजच्या समोर, रस्त्यापलीकडच्या थांब्यावर बसले आहे. तू खोलीतून बाहेर येईपर्यंत उठणार नाही. वाचून झालं की हात धू आणि ये. घरी दोघं जाऊ. तुझ्या बायकोला तूच सांग, मी शेजारी बसते. तुला जमलं नाही तर मी सांगेन. पण तिने आज रात्री साखरेचा डबा पुन्हा उशाशी घेतला पाहिजे. ये लवकर.

तुझीच,
ताई