भेस्तानमधली दोन सीटची गाडी

आई,

नानपुऱ्यात पारशी डॉक्टरांच्या बंगल्यासमोर तू, अण्णा आणि मी उभे होतो, ती दुपार आज सकाळपासून डोळ्यांसमोर आहे. नव्वदनंतरची वर्षं होती. तू दवाखान्यात नर्स होतीस आणि ड्यूटी संपली की डॉक्टरांच्या म्हाताऱ्या आईचं सगळं करायला जायचीस. त्या आजींना रोज डुमसच्या समुद्राची हवा हवी असायची आणि डॉक्टरांना वेळ नसायचा, म्हणून त्यांनी तुला आपल्याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकवलं, लायसन्स काढून दिलं. आजी गेल्या. डॉक्टर मुलाकडे परदेशात निघाले आणि सामान काढताना तुला म्हणाले, "सिस्टर, गाडी तमे ज लई जाव." तुम्हीच घेऊन जा. किंमतही तुला झेपेल अशीच सांगितली. पेरूच्या झाडाखाली ती उभी होती: कच्च्या कैरीच्या रंगाची, बुटकी, लांब नाकाची, कापडी छताची जुनी विलायती गाडी. सीट दोनच.

अण्णांनी गाडीभोवती एक फेरी मारली. बमरोलीला लूमवर कापडाचा ताका तपासताना चेहरा करायचे तसाच चेहरा. मग हळूच अहिराणीत म्हणाले, "चार जन कोठे बसतीन?" तेवढ्याच पैशांत त्यांनी एक जुनी व्हॅन बघून ठेवली होती. सकाळी शाळेची पोरं सोडायची, दिवाळीला सगळ्यांनी मिळून खानदेशात जायचं. त्यांचं काही चूक नव्हतं. आपल्या घरात तोवर आलेली प्रत्येक वस्तू किती उपयोगाची, किती वर्षं टिकेल, हे विचारूनच आली होती. मी मात्र गाडीच्या रूपावरच भाळले होते. कॉलेजचं पहिलं वर्ष, आणि ही गाडी आपल्या दारात उभी राहिली तर मैत्रिणी काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात. तू दोघांचं ऐकून घेतलंस आणि डॉक्टरांकडे किल्ली मागितलीस. "एक चक्कर मारून येते. मग सांगते."

मी तुझ्या शेजारी बसले. आपण अठवागेटवरून डुमसच्या रस्त्याला लागतोय. रस्ता इतका जवळ की हात खाली सोडला तर डांबराला लागेल असं वाटतंय. वस्ती मागे पडते, दोन्ही बाजूंना बाभळी, आणि तू गिअर बदलतेस तेव्हा तुझा खांदासुद्धा हलत नाही, नुसतं मनगट. मी म्हणते, "आई, येताना कॉलेजवरून जाऊ. तिथं जरा हळू चालव, सगळ्यांना दिसू दे." तू माझ्याकडे न बघताच म्हणालीस, "दाखवायचं असेल तर फोटो काढून घे. मी चालवायला बसलेय." मला ते लागलं. मी तोंड फिरवून बसले. पण पुढच्या वळणावर गाडी रस्त्याला धरून अशी काही वळली की तू हसलीस. आवाज करून, एकटीशीच. अठरा वर्षांत ते हसू मी ऐकलं नव्हतं. खाडीच्या वाऱ्यानं तुझा अंबाडा सुटला होता आणि तू तो बांधायलाही थांबली नाहीस.

परत आल्यावर तू अण्णांना सगळं सरळ सांगितलंस. छत गळणार, सुटे भाग मिळायला त्रास होणार, आपण चौघं कधीच एकत्र जाऊ शकणार नाही. "आजवर घराला जे हवं तेच घेतलं, पुढंही घेईन. ही मात्र मला चालवायला आवडते म्हणून घेते." अण्णा बसनं एकटे घरी आले.

मग ती भेस्तानच्या आपल्या गल्लीत आली. पहिले काही दिवस बघायला गर्दी, पुढं तिच्यावर शेजारच्यांच्या गोधड्या वाळायला लागल्या. माझ्या मैत्रिणी दोनदा बघून गेल्या आणि विसरल्या. खरं तर मीही रोज तिच्यापुढून जायचे आणि तिच्याकडे बघायचे नाही. तू मात्र पावसाळ्यात अंगात रेनकोट घालून, छत गळत असताना, ड्यूटीला तीच न्यायचीस. संध्याकाळी कुणाच्या घरी इंजेक्शन द्यायला, कुणाचं ड्रेसिंग करायला जायचीस तेव्हाही तीच. दमून घरी यायचीस, पण चिडून येणं बंद झालं होतं. धाकट्या भावालासुद्धा हा फरक कळला होता. आणि गाडी लावून आत येताना तू उंबऱ्यापाशी एकदा मागे वळून बघायचीसच. म्हणजे दिसण्याचं तुला अगदीच काही नव्हतं असंही नाही.

अण्णा तिच्यात बसले ते चलथाणला काकांच्या बाळाच्या बारशाला. काका तिथं साखर कारखान्यात. बस चुकली म्हणून अण्णा घरी परत आले आणि तू म्हणालीस, "चला, सोडते." जाताना ते डबा मांडीवर घट्ट धरून बसले होते, हे तूच मला भाकऱ्या थापताना सांगितलंस. उसाच्या ट्रकमागून तू गाडी बाहेर काढलीस की डोळे मिटायचे. येताना मात्र म्हणाले, "कॅनॉलच्या रस्त्यानं घे." तो रस्ता लांबचा, हे त्यांना माहीत होतं. घरी उतरल्यावर गाडीच्या टपावर हात ठेवून म्हणाले, "बेस शे." चांगली आहे. त्यानंतर व्हॅनचा विषय निघाला नाही.

आता तुला माहीत नसलेलं एक सांगते. तू गेल्यापासून अण्णा माझ्याकडे पुण्यात असतात. परवा चहा पिताना अचानक म्हणाले, "त्या दिवशी बस चुकली नव्हती. आलेली सोडून दिली." मी विचारलं, मग आईला कधी सांगितलं का नाही? म्हणाले, "तिला विचारायला लाज वाटत होती. तिनं आपणहून चला म्हणावं, असं वाटलं." आणि हसले, तरुण माणसासारखे.

बडोद्याच्या एका हौशी माणसानं पुढं ती गाडी नेली, आपण घेतली त्याहून जास्त देऊन. वरची खोली त्यातून झाली, अण्णाही मान्य करतात. पण तू तिचा हिशेब कधी तसा लावला नाहीस.

मी आता एका मासिकात गाड्यांवर लिहिते. वेगानं पळणाऱ्या, देखण्या, बहुतेकांना न परवडणाऱ्या. दिसण्याला इतके गुण, किमतीला इतके, चालवण्याला इतके, अशी आमची रीत आहे, आणि ती वाईट नाही; लोकांना पैसे जपूनच घालायचे असतात. पण रूप सवयीचं होतं, पैसे एकदा दिले की दिले, आणि रोज किल्ली फिरवताना हाताला काय वाटतं ते तेवढं उरतं. हे मी वेगवेगळ्या शब्दांत कितीदा लिहिलंय. संपादक म्हणतात, तुमचे चालवण्याचे गुण नेहमी जरा सैल असतात. असू देत.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, घडी घालून इथंच राहील. आणि एक. काल संध्याकाळी मी शोरूममध्ये गेले होते, कामासाठी नाही. स्वतःसाठी एक गाडी बुक करून आले. घरी अजून कुणाला बोललेले नाही, तुलाच पहिल्यांदा सांगतेय.