फिके लाल एक आण्याचे तिकीट

मी, कोंडाजी बाळाजी बडेकर, वय वर्षे एकसष्ट, टपाल खात्याचा पेन्शनदार, राहणार मौजे कडाव, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा, स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, अक्षर अजून लागते, आणि हे लिहिण्यास मला कोणी भाग पाडलेले नाही. उलट माझी पत्नी इंदूबाई दोनदा म्हणाली, "आवो, कशाला आसलं अभद्र लिवत बसलाव? पडवीत ऊन आलंय, तांदूळ तरी निवडा." तांदूळ निवडून झाले. आता लिहितो. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. पुढेमागे कोणी तसा कागद दाखवला तर तो खोटा समजावा.

कलम १. राहते घर, दोन खोल्या, पडवी व मागचा फणस, हे सर्व इंदूबाईचे. ती आहे तोवर तिला कोणी ऊठ म्हणू नये. आम्हांला मूलबाळ नाही. त्यावरून तिला ज्यांनी ज्यांनी टोमणे मारले त्यांना फणसाचा गराही देऊ नये, असे मी म्हणतो. ती मात्र देईल, तिचा स्वभावच तसा आहे.

कलम २. टपालाच्या बचत खात्यात जे काही निघेल ते इंदूबाईचे. पुस्तक देवघरातल्या डब्यात, खारकांच्या खाली आहे.

कलम ३. नदीकडचे तीस गुंठे भातशेत. याचे काय करायचे ते कलम ७ मध्ये येईल.

कलम ४. माझी हत्यारे. एक भिंग, एक चिमटा, तिकिटाच्या कडेची छिद्रे मोजण्यासाठी मी स्वतः कापलेली पुठ्ठ्याची पट्टी, आणि शाळेच्या फुटक्या पाटीचा तुकडा. या तुकड्यावर तिकीट उपडे ठेवून वर बेंझिनचा थेंब सोडला की कागदातला तारा, म्हणजे सरकारी कागदाची छुपी खूण, दिसते. ही हत्यारे गावच्या शाळेला द्यावीत. भिंग सध्या घरात नाही. शेजारी धाऊ गोमा भगत याने ते पायातला काटा काढायला नेले, त्याला दोन वर्षे झाली. काटा एव्हाना निघाला असेल. धाऊने भिंग आणून द्यावे.

कलम ५. माझा पुतण्या पोपट. मुंबईत असतो, आणि जुन्या तिकिटांना पैसे मिळतात हे कळल्यापासून त्याला काकाची फार आठवण येते. सात वर्षांपूर्वी तो सुट्टीला आला असताना, मी बाजारात गेलेलो पाहून, "काकाला मदत करतो" म्हणून त्याने राणीच्या छापाची सत्तावीस तिकिटे पाकिटांवरून सुटावीत यासाठी चुलीवरच्या उकळत्या पाण्यात टाकली. त्यांतल्या जांभळ्या शाईला पाणी सोसत नाही. मी आलो तेव्हा पातेल्यात जांभळे पाणी होते आणि राणीचा चेहरा धुक्यात गेला होता. ती सत्तावीस तिकिटे मी जपून ठेवली आहेत. ती सर्वच्या सर्व पोपटला द्यावीत. याशिवाय त्याला काही नाही.

कलम ६. तिकिटांचा संग्रह. तीन वह्या, काळ्या कापडाच्या बांधणीच्या. यांत मौल्यवान काय आहे ते लिहून ठेवतो, नाहीतर इंदूबाई त्या चुलीला लावील.

लोक तिकिटे जमवतात ती देशोदेशीची. मी सारा जन्म आपल्याच देशाची, तीही अर्ध्या आणि एक आण्याची जमवली. लोकांना ती सारखी दिसतात. पण छापखान्यात शाई दर खेपेला नवी कालवतात, आणि कालवणाऱ्याचा हात रोज सारखा नसतो. इंग्रजी पुस्तकात या छटांना नावे आहेत, पण ती मला कधी पटली नाहीत. म्हणून मी आपली नावे दिली. पहिल्या वहीत हिरवे: भाताच्या रोपाचे, कच्च्या करवंदाचे, विहिरीच्या शेवाळाचे. दुसरीत लाल: गुंजेचे, कोकमाच्या सालीचे, पळसाचे. राणीच्या छापाची अर्ध्या आण्याची एकवीस तिकिटे एकाच पानावर आहेत, आणि एकही दुसऱ्यासारखे नाही. त्यांतल्या एकावर ठसा दोनदा उमटल्याने राणीला दोन नाके आहेत. ते एकटेच बाकी पानाच्या तोलाचे आहे. नाशिकला छपाई सुरू झाल्यानंतरची तिकिटे तिसऱ्या वहीत आहेत.

छटा पाहायची ती सकाळी, पडवीच्या उत्तरेच्या उजेडात. दिव्याखाली सगळेच लाल सारखे दिसते. माझ्या डोळ्याची कीर्ती टपाल खात्यात पसरली होती. वरचे अधिकारी शंकेची पाकिटे माझ्याकडे पाठवीत आणि मी "खरे" किंवा "धुतलेले" एवढेच लिहून परत करी. कारण वापरलेल्या तिकिटावरचा शिक्का धुऊन ते पुन्हा चिकटवणे हा गुन्हा आहे. माझे चुकत नाही असे लोक म्हणत. मीही म्हणे.

दुसऱ्या वहीचे शेवटचे पान चिकटवून बंद केलेले आहे. ते का, ते आता लिहितो.

कलम ७. सन १९१६, आषाढ. मी एका डाकघरात बाबू होतो. त्याचे नाव लिहीत नाही, कारण दोष त्या इमारतीचा नाही. डोंगराकडच्या गावांची थैली लडकू वाघ्या पादीर हा ठाकूरवाडीचा रनर आणीत असे. हातात घुंगरू लावलेला भाला, डोक्यावर थैली. पुराच्या ओढ्यातून तो गळ्याएवढ्या पाण्यात चालत येई आणि थैली कोरडी असे. वरच्या गावचे लोक त्याच्या हातावर आणा ठेवत. तो माझ्या खिडकीवर तिकीट घेई, आणि पुढच्या खेपेला त्यांचे पाकीट तिकीट लावून आणी.

आईच्या वर्षश्राद्धासाठी मी आठ दिवस रजेवर होतो. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी लडकूच्या थैलीत एक पाकीट निघाले. त्यावर एक आण्याचे लाल तिकीट, पण असे फिके की मी खुर्चीतून उठलो. तसले लाल मी कधी पाहिले नव्हते. आणि जे मी पाहिले नाही ते असूच शकत नाही, असा माझा समज होता. मी ओळखले, धुतलेले.

मी लडकूला विचारले, "या तिकिटाला पाणी लागलंय का?"

त्याला वाटले, थैली भिजली म्हणून मी रागावलो आहे. धुतलेले तिकीट असा काही गुन्हा असतो हे त्या गरिबाला ठाऊकच नव्हते. तो हात जोडून म्हणाला, "पाऊस हाय सायेब. लागलं आसंल. माजी चूक झाली, माफी करा."

मी कागदावर लिहिले: रनर गुन्हा कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी प्रकरण काय आहे ते कळल्यावर तो सांगू लागला, "सायेब, ह्ये तिकीट मी हितनंच घेतलं. तुमी नव्हतात, दुसरा बाबू व्हता." मी लिहिले: रनर जबाब फिरवतो. बदलीवर आलेला बाबू तोवर घाटापलीकडे गेला होता. त्याला एक पत्र टाकून विचारावे, असे मला सुचले नाही. खरे लिहायचे तर सुचले होते. पण माझ्या डोळ्यावर माझा भरवसा होता.

लडकूची नोकरी गेली. तीन आठवडे तो कोठडीत होता. त्याची लावणी राहिली. त्याची बायको सोमी हिने त्या पावसात डोंगरात कंद खणून पोरे जगवली. आतले पत्र दुसऱ्या पाकिटातून गेले, आणि तिकिटाचे पाकीट पुराव्याला राहिले.

भाद्रपदात खणातली तिकिटे तळाला आली, तेव्हा सर्वांत खाली एक ताव निघाला. सगळाच फिका लाल. त्याच्या वरच्या कोपऱ्यातून काही तिकिटे माझ्या रजेत त्या बदलीच्या बाबूने फाडून विकलेली होती. मी कपाटातून ते पाकीट काढले आणि तिकिटाची कड तावाच्या कडेला लावली. फाडताना कडेच्या छिद्रांमधला एक दात लांब राहिला होता, तो समोरच्या तुटक्या दाताशी बरोबर बसला. लढाईमुळे परदेशी रंग मिळेनासा झाला आणि म्हणून त्या खेपेची शाई फिकी आली, असे पुढे एका पारशी संग्राहकाने मला सांगितले. तोवर मला ते कळायची गरज राहिली नव्हती.

त्या दिवशी मी वर कळवायला हवे होते. मी दार लावून घेतले. लडकूच्या तिकिटाशेजारची चार तिकिटे मी स्वतःच्या पैशाने विकत घेतली आणि वहीत लावली. बाकीची खिडकीवरून विकून टाकली, पटापट, लोकांकडे न बघता. पुढे जुनी कागदपत्रे निकालात निघाली तेव्हा ते पाकीटही घरी आणले. अठरा वर्षे झाली. या काळात मी शंभर पाकिटांवर "खरे" आणि "धुतलेले" लिहिले असेल, आणि लोक म्हणत राहिले की बडेकरांचा डोळा चुकत नाही. मला लाज वाटते. हे वाक्य मी चार वेळा खोडले आणि पाचव्यांदा तसेच ठेवले.

सबब, नदीकडचे तीस गुंठे आणि तिन्ही वह्या मी लडकू वाघ्या पादीर यास देतो. इंदूबाईला विचारले आहे. तिने हातातले सूप खाली ठेवले. मग म्हणाली, "तवाच सांगितलं आसतंत तर शेत द्यायची पाळी नसती आली."

कलम ८. वरील कलम लिहून झाल्यावर कर्जतच्या वकिलांना दाखवले. ते म्हणाले, ठीक आहे, फक्त ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार करू नका. मग मी ठाकूरवाडीला गेलो. लडकू आता म्हातारा झाला आहे. अंगणात कुडाच्या भिंतीला कारवीच्या काठ्या बांधत होता. मला पाहून उठला, बसायला घोंगडी टाकली. मी सगळे सांगितले, दाताचेही. त्याने कारवी खाली ठेवली नाही.

ती कुडाला बांधून झाल्यावर म्हणाला, "मला ठावं व्हतं का मी धुतलं नाय. तुमालाबी ठावं व्हतं, ह्ये नव्हतं ठावं."

मी शेताचे आणि वह्यांचे सांगितले. तो म्हणाला, "नगं. शेत घेतलं तर लोक म्हनतील, लडक्यानं चोरी केली आन वर शेत मिळवलं. ह्यो कागद कवा वाचायचा?"

मी म्हटले, मी गेल्यावर.

"म्हंजी तुमी सुटलाव," तो म्हणाला. "आन तवर मी आसंन का? तुमी लिवलं तवा समद्यांनी आयकलं. आताचं बी समद्यांनी आयकू द्या. मी जिता हाय तवर."

घरी परतताना वाटेत मला कळले की मी मृत्युपत्राला का बसलो होतो. मेल्यावर खरे बोलायला हिंमत लागत नाही.

कलम ९. म्हणून कलम ७ मधील देणगी लडकूच्या इच्छेवरून रद्द केली आहे. शेत इंदूबाईचे. वह्या विकून जे येईल तेही तिचे. त्या पारशी गृहस्थांचा पत्ता पहिल्या वहीत आहे. पोपटने मध्ये पडू नये. दुसऱ्या वहीचे शेवटचे पान मी कापून काढले असून ते पाकीट व चार तिकिटांसह या मृत्युपत्राला शिवले आहे. ते कधीही विकू नये.

आज, आठवडे बाजाराच्या दिवशी, वडाच्या पारावर उभे राहून मी इथवरचा सर्व मजकूर कलम १ पासून मोठ्याने वाचला. वकिलांनी नको म्हटले होते. पोपटच्या कलमाला लोक हसले, धाऊच्या भिंगाला तर फारच. कलम ७ ला कोणी हसले नाही. ठाकूरवाडीहून वीस-पंचवीस माणसे आली होती आणि सोमी पुढे बसली होती. वाचून झाल्यावर तिने ते पाकीट मागितले, हातात घेऊन उलटसुलट पाहिले, आणि म्हणाली, "येवढंसं हाय व्हय रं ह्ये." मग परत दिले.

सह्यांची वेळ आली. दोन साक्षीदार हवेत असे मी म्हटले, तेव्हा लडकू पुढे आला. "कागदात आता मला काय मिळत नाय ना?" मी म्हटले, काही नाही. "मंग मी साक्षीदार व्हतो. तवा मी खरं सांगितलं, ते तुमी घेतलं नाय. आता माज्या अंगठ्याबिगर तुमचं खरं व्हनार नाय."

शाई मी त्याच्या अंगठ्याला लावली. साक्षीदाराचा धंदा लिहावा लागतो म्हणून मी विचारले, काय लिहू. शेती, मजुरी, काय. त्याने पाराकडे, जमलेल्या लोकांकडे पाहिले आणि सांगितले. त्याने सांगितले तसेच खाली लिहिले आहे.

मुक्काम कडाव, तारीख २७ नोव्हेंबर १९३४.

सही: कोंडाजी बाळाजी बडेकर

वर लिहिलेले सर्व आमच्यासमोर वाचले गेले, आणि लिहिणाऱ्याने शुद्धीवर असताना आमच्या डोळ्यांदेखत सही केली:

साक्षीदार १. धाऊ गोमा भगत, राहणार कडाव, धंदा किराणा दुकान. सही. (भिंग आणले.)

साक्षीदार २. लडकू वाघ्या पादीर, राहणार ठाकूरवाडी, धंदा टपालाचा रनर. डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी.