नव्या टपाच्या मोटारीने नगरला निघण्यापूर्वी

मी, पुष्पावती, कैलासवासी श्रीमंत धनवटे यांची पत्नी, वय त्रेपन्न, धंदा शेती, राहणार मौजे राहाता, तालुका कोपरगाव, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, नजर साफ आहे, आणि मला कोणी पढवलेले नाही. प्रकृतीचीही काही तक्रार नाही. तरी हे आजच का लिहावे लागले, ते पुढे येईल.

कलम १. पाटाखालची बागायत आणि विहीर अजून माझे दीर छगनराव यांच्याशी सामाईक आहे. त्यातला माझ्या वाट्याचा हिस्सा मी माझी एकुलती मुलगी सौ. रतन, राहुरीस दिलेली, हिला देते. पती होते तेव्हाच वाटणी करायचे ठरले होते. छगनरावांना ती नको होती, कारण विहीर आमच्या बाजूला पडत होती. तीन वर्षांपूर्वी पौषात पती वाटणीचे कागद करायला नगरच्या वकिलांकडे निघाले आणि कोल्हारच्या अलीकडच्या उतारावर मोटारीच्या अपघातात गेले.

कलम २. घराच्या पूर्वेकडच्या दोन खोल्या आणि माझे पोस्टातले पैसे लंकाबाईला द्यावेत. ती आमच्या शेतावर कामाला होती. पती गेल्यापासून ती माझ्यापाशी निजते. मी तिला तसे कधी सांगितले नव्हते. तिला या खोल्यांतून कोणी काढू नये.

कलम ३. मोटार. ही जुनी उघडी विलायती गाडी पतींनी एका निवृत्त डॉक्टरांकडून घेतली. त्यांनी तिला लष्कराच्या लिलावातले जीपचे इंजिन बसवले, आणि दुधाचे कॅन मावावेत म्हणून मागचा भाग हातभर वाढवला. गाडी लांबली तसा मूळचा कापडी टप मागे पुरेना. म्हणून टपाच्या कमानी मागे ताणून धरायला त्यांनी दोन चामडी पट्टे लावले. हे पट्टे तुटले की कमानी पुढे कोसळतात आणि सगळे कापड चालवणाऱ्याच्या डोक्यावर येते. त्या दिवशी तसेच झाले. समोरून उसाचा ट्रक येत होता.

चामडे कुजले होते, असे सगळे म्हणाले. चामडे मऊ राहावे म्हणून मी त्या पट्ट्यांना स्वतः एरंडेल लावत असे, हे मी फौजदारांना सांगितले. ते छगनरावांच्या ओसरीवर चहा पीत होते. बाईमाणसाला दुःखात काहीही आठवते, असे म्हणाले.

गाडी भंगारात द्या, असे छगनरावांनी लावून धरले. मी दिली नाही. पतींनी मला ती प्रवरेच्या कोरड्या पात्रात चालवायला शिकवली होती. बाई मोटार चालवते म्हणून पाऊस पडत नाही, असे शेजारच्या आक्काबाईने गावभर केले. गाडीचा रबरी भोंगा मी आक्काबाईला ठेवते. बाकी गाडी रतनची. तिने ती विकू नये, चालवायला शिकावे. पतींची हत्यारे, जॅक आणि पाने गोरक्ष मिस्त्रींना द्यावेत. बंद पडलेले इंजिन यंदा त्यांनीच चालू केले.

राहिलेले वाटणीचे कागद करायला याच गाडीने नगरला जायचे मी ठरवले आणि नवा टप घालायला केडगावचे बन्सी सातपुते यांना बोलावले. ते जीपगाड्यांचे टप शिवतात. नवे कापड जुन्यावर बेतायचे असते, म्हणून त्यांनी जुना टप मागितला. अपघातापासून तो गोठ्याच्या माळ्यावर गुंडाळून पडला होता. मी तो उघडला नव्हता. अंगणात पसरताना पट्ट्यांची टोके माझ्या हातात आली. चामडे अजून मऊ होते. तुटल्या कडेचा बोटभर भाग तंतू सुटून फाटलेला, बाकीची कड सरळ, पात्याने कापलेली. दोन्ही पट्टे सारखेच, आणि दोन्ही खालच्या अंगाने, उभ्या माणसाला दिसणार नाहीत असे.

बन्सीभाऊ हळूच म्हणाले, "ताई, हे तुटलेलं न्हाई."

मग आम्ही दोघे त्या कापडावरची धूळ झटकत राहिलो.

दुपारी छगनराव आले. जुने कापड बैलांच्या अंगावर टाकायला द्या, म्हणाले. मी नाही म्हटले. त्यांनी पट्ट्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. त्या दिवसापासून ते फार अदबीने वागतात. सकाळ-संध्याकाळ ओसरीशी येतात आणि एकच विचारतात, "वैनी, नगरला कवा निघायचं?"

बन्सीभाऊंनी हिरवी ताडपत्री कमानींवर मधून कडेकडे ताणत खिळली, उन्हात कापड आवळू दिले आणि काचेच्या चौकटीशी बरोबर जुळवले. टप ढोलासारखा ताठ बसला. मागच्या नव्या पट्ट्यांत, चामड्याच्या दोन पदरांच्या मध्ये, माझ्या सांगण्यावरून त्यांनी पोलादी तार शिवली. हे आम्हा दोघांखेरीज कोणाला माहीत नव्हते.

काल मी छगनरावांना सांगितले, उद्या निघणार. आज सकाळी पट्ट्यांखालून बोट फिरवले. दोन्ही पट्टे खालून कापलेले आहेत, तारेपर्यंत.

म्हणून हे लिहिले.

कलम ४. जुना टप पट्ट्यांसकट माझ्या लोखंडी पेटीत आहे. किल्ली लंकाबाईपाशी आहे. मी गेल्यास रतनने ती पेटी पोलीस ठाण्यात न नेता नगरच्या वकिलांकडे न्यावी आणि त्यांच्यासमोरच उघडावी.

कलम ५. छगनरावांना मी काही ठेवत नाही. त्यांनी माझ्या तिरडीला हात लावू नये आणि दहाव्याला नदीवर येऊ नये. ते रडू लागले, तर रतनने त्यांना पाणी देऊ नये.

एस.टी.ने जा, असे बन्सीभाऊ विनवत आहेत. पण पती ज्या गाडीने पोहोचले नाहीत, त्याच गाडीने मी वकिलांच्या दारात उतरणार आहे.

कलम ६. साक्षीदाराला मृत्युपत्राने काही देता येत नाही, असे वकिलांनी कळवले होते. त्यामुळे पुढील दोघांना मी काहीही ठेवलेले नाही, ते केवळ नाइलाजाने. दुसऱ्या साक्षीदार मालनबाई माझ्या जाऊबाई, छगनरावांच्या पत्नी. त्यांना मी बोलावले नव्हते. परसदाराने त्या आपणहून आल्या. मी त्यांना हे सर्व वाचून दाखवले. पट्ट्यांचे वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावले. मग, "कुठं आंगठा द्यायचा," एवढेच विचारले.

अंगठा दिल्यावर त्यांनी शाई पदराला पुसली आणि म्हणाल्या, "जाऊबाई, मी बी येते गाडीत. फाटकाशी जरा थांबवा. ते तिथंच उभं हायेत. मी बसलेली त्यांना दिसू द्या. पट्ट्याबिगर आनखी काय केलं आसंल तर आडवतील. आडवलं तर खाली उतरू."

मी विचारले, "आणि नाही अडवलं तर?"

त्या गाडीत जाऊन बसल्या आहेत.

येणेप्रमाणे मी हे राजीखुशीने लिहून, वाचून, दोघांच्या समक्ष सही केली आहे.

पुष्पावती श्रीमंत धनवटे (सही)

साक्षीदार:
१. बन्सी रंगनाथ सातपुते, राहणार केडगाव (सही)
२. मालनबाई छगन धनवटे, राहणार राहाता (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: राहाता
सोमवार, दिनांक ९ एप्रिल १९७३