पहिल्या बोटीतली पेटी

बाबा, दुरुस्त होऊन परत उभ्या राहिलेल्या तुमच्या रिगवर आता समुद्राच्या तळाची, तेलविहिरीच्या तोंडावरची झडप वायरशिवाय बंद करता येणार आहे. काल उत्तनच्या तुमच्या दोस्ताने, अंकलनी, मोबाइलवर बातमी पक्की केली. ते हल्ली रिगला सामान पोचवणाऱ्या बोटीवर असतात. उचलून नेता येईल अशी पेटी, तिच्यातून पाण्यात ठरावीक आवाज सोडायचा. खाली झडप तो ओळखते आणि तेलविहिरीचं तोंड मिटतं. केबल जळली तरी चालतं. रिगवर थांबायचीही गरज नाही.

मला पूनम सागर सोसायटीतलं आपलं स्वयंपाकघर दिसतंय. दूध तापवून मी शेगडीचं बटण बंद केलंय आणि तुम्ही ओरडताय, "नुसतं वरचं बंद करून काय उपयोग? खाली सिलिंडरचं बंद कर! आग लागल्यावर हात पोचणार आहे का तिथे?" आई म्हणते, "घरी आलात तरी रिग सुटत नाही तुमची." दुसऱ्या दिवशी तुम्हाला ड्युटीवर जायचंय, म्हणून ती चिडलीय. तुम्ही हसून स्वतःच वाकता.

त्याच खेपेला रिगवर आग लागली. सगळे बोटीत उतरले आणि तुम्ही झडपेचं बटण दाबायला परत वर गेलात. झडपेकडे जाणारी केबल आधीच जळली होती, हे तुम्हाला कळायला मार्ग नव्हता.

"अंकल, तेव्हा ही पेटी असती तर?" मी काल विचारलं.

"बोटीत बसून दाबला असता बटन त्याने. शिव्या देत देत." मग म्हणाले, "पन आता तुजा धाकटा भाव हाय ना तिथे. त्याचा बघ."

धाकटा आता तुमच्याच जागी, त्या बटणापाशी आहे. त्याने ही नोकरी धरल्यापासून आई त्याच्याशी बोलत नाही. ताट वाढून समोर ठेवते आणि गॅलरीत जाऊन उभी राहते.

सोमवारी चाचणी आहे. अंकलची बोट रिगपासून लांब उभी राहील आणि तिथून पेटी चालवून बघतील. झडप मिटली, तर यापुढे आग लागल्यावर त्या जागेवरच्या माणसाने पेटी उचलून पहिल्याच बोटीत बसायचं, असा नियम होणार आहे. मग मी आईला सांगेन. कदाचित ती बोलेल त्याच्याशी.

इतकी वर्षं पेपरच्या ऑफिसात बसून लोकांच्या बातम्यांतले 'जर' आणि 'तर' खोडत आले, काल स्वतःचा एक खोडता आला नाही. हे कागद कुणाच्या हाती जाणार नाहीत, म्हणून सांगते: मला त्या पेटीचा राग येतोय, बाबा. तरी सोमवारी ती चालायला हवी.