तुटक भोंगा

अण्णा, रविवारी आमच्या मागच्या नाल्याला पाणी आलं आणि तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागत नाही. दोनदा दूध उतू गेलं. कपाट आवरायला काढलं ते अर्धवट पसरून पडलं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मी आता तुमच्यापेक्षा वयानं मोठी झाले, तरी लिहायला बसले ते तुम्हालाच. मिलला आग लागली त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही मला शेजारच्या अक्काबद्दल एकच प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं उत्तर दिलं होतं. मला त्या उत्तरापाशी यायचं आहे. पण तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे, आधी भांडल्याशिवाय मला मुद्द्यावर येता येत नाही.

भांडण या बिल्डिंगशी आहे. मी दुसऱ्या मजल्यावर राहते. मागच्या नाल्यात पूर्वी म्हशी डुंबत, इतकं त्याचं पात्र रुंद होतं. कुणीतरी भराव टाकून, भिंत बांधून त्याचं गटार करून टाकलं. मी चार वर्षं महापालिकेत अर्ज देते आहे. प्रत्येक अर्जाच्या तीन प्रती, आणि पोचेचा शिक्का मिळाल्याशिवाय मी खिडकीपुढून हलत नाही. बिल्डिंगच्या लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यावर मी नाल्याचा फोटो टाकला की खाली ओळीनं हात जोडल्याची चित्रं येतात. नमस्कार नाल्याला असतो की मला, हे अजून कळलेलं नाही. आमचे चेअरमन माझ्यामागं मला भोंगा म्हणतात. त्यांना वाटतं, मला लागेल. भोंगा वाजवणाऱ्याच्या मुलीला भोंगा म्हटल्यानं काय लागायचं? संताप येतो तो याचा की भोंगा ऐकून एक माणूस जागचा हलत नाही.

नाल्याच्या वरच्या अंगाला दोन दिवस पाऊस चालू होता. रविवारी दुपारी चारला सगळ्यांचे मोबाइल एकदम कर्कश वाजले. सरकारी इशारा होता, नदीनाल्यांपासून दूर जा म्हणून. आधी मराठीत, मग इंग्रजीत. चेअरमननी लगेच ग्रुपवर लिहिलं, मागच्यासारखी चाचणी असेल, कुणी घाबरू नये. दुसऱ्या एकानं लिहिलं, ओके दाबू नका, खातं रिकामं होतं. तिसऱ्यानं गच्चीवरून नाल्याचं शूटिंग करून टाकलं, त्याला तेवढे अंगठे मिळाले. मग भिंतीवरून पाणी आत आलं आणि अण्णा, सगळी बिल्डिंग एकदम खाली धावली. आपापल्या गाड्या काढायला. वर कोरडे, सुखरूप बसलेले लोक पायजमे गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरत होते. मी जिन्यात कठडा धरून उभी होते आणि मला पार्किंग दिसतच नव्हतं. मिलचं फाटक दिसत होतं.

तुम्ही बॉयलरपाशी उभे आहात, हातात भोंग्याची ती काळी साखळी. तुम्ही ती ओढली की अर्धं सोलापूर जेवायचं, अर्धं पायात चपला घालायचं. आपल्या गल्लीत एकच घड्याळ होतं आणि तेही तुमच्या भोंग्यावर लावलेलं. घड्याळ मागंपुढं झालं तर लोक घड्याळाला शिव्या द्यायचे. इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही चुकला नाहीत, आणि त्याचा तुम्हाला अभिमान होता. कॉन्व्हेंटमध्ये आमच्याकडून आगीची तालीम करून घेतली, तो दिवस मला म्हणूनच आठवतो. नेहमीची घंटा लांब वाजते, आगीची तुटक वाजते, मग मुलींनी दोघी दोघींनी रांग धरून मैदानावर जायचं, पळायचं नाही, दप्तर उचलायचं नाही. मी हे सगळं घरी मोठ्या ऐटीत, निम्मं इंग्रजीत सांगत होते आणि तुमचा घास हातातच राहिला होता. "म्हंजे घंटा एकच, पन बोलावती बी आन् हाकलती बी," तुम्ही म्हणालात. दुसऱ्या दिवशी तुम्ही टाइमकीपरकडे गेलात, की आपल्याकडेही तुटक भोंग्याची खूण ठरवू, कामगारांना एकदा सांगून ठेवू. तो हसला. म्हणाला, मुलगी मडमांच्या शाळेत घातली तर बाप इंजिनिअर झाला का? लोकांना घाबरवायचं काम करू नकोस.

त्याच आठवड्यात रविवारी तुम्ही मला सायकलवरून नान्नजच्या माळावर नेलं. रागावलात की तुम्ही माळावर जायचा, हे आईनं मला नंतर सांगितलं. तिथं एक टिटवी आपल्यापुढं पंख ओढत लंगडत चालली. मी तिला धरायला निघाले तर तुम्ही माझी वेणी धरलीत. "सोंग हाय तिचं. अंडी हितंच कुटंतरी हायेत. आपन तिच्या मागनं गेलो की लांब नेऊन सोडंल आन् उडंल." मग ती खरंच उडाली आणि डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली. लांब गवतात माळढोकानं मान वर केली, हरणं कान टवकारून उभी राहिली. "बघ," तुम्ही म्हणालात, "ती निस्ती आपल्या पिल्लांना सांगत न्हाय, समद्या माळाला सांगती. आन् लोक तिलाच अपशकुनी म्हनत्यात."

घरी आल्यावर तुम्ही आईला आणि मला समोर बसवून खूण सांगितलीत. भोंगा तुटक तुटक वाजला तर मी बोलावत नाही, हाकलतोय. धाकट्या भावाला उचलायचं आणि तळ्याकडं चालू लागायचं, मिलकडं नाही. आधीपासून गल्लीत बोलू नका, अफवा उठवली म्हणतील. आज मी हे लिहिते आहे आणि तुमच्यावरही चिडते आहे. माळभर ओरडणाऱ्या पाखराचं कौतुक तुम्हीच केलंत आणि खूण मात्र चौघांत ठेवलीत. पण तुमच्यावर चिडणं सोपं आहे. मेलेला माणूस उलट बोलत नाही.

तो शनिवार होता, शाळा अर्ध्या दिवसाची. मी अजून गणवेशातच होते. आई ज्वारी निवडत होती. अक्काची मिलमध्ये दुसरी पाळी, म्हणून ती दारातच चूल पेटवून भाकऱ्या थापत होती. त्या सकाळी नळावर तिनं माझी कळशी मागं सारली होती आणि चार बायांसमोर म्हणाली होती, मडम, इंग्लिशमध्ये पाणी माग की, नळ लवकर सोडतील. बायका हसल्या. मी नाही हसले. दुपारी भोंगा वाजला. आखूड, मग आखूड, मग आखूड. आईनं सूप खाली ठेवलं, धाकट्याला काखेत घेतलं आणि मागं न बघता चालू लागली. आणि गल्लीतून, पलीकडच्या गल्लीतून, बोळाबोळांतून बायका, पुरुष मिलकडं धावत निघाले. कुणाच्या पदराचा पत्ता नाही, कुणी तोंडातला घास चावत. ऊन डोक्यावर होतं, पाळीला अजून दोन तास होते, हे कुणालाही दिसत होतं. पण भोंगा चुकत नाही ना! म्हणजे सूर्य चुकला असेल, आपण चुकलो असू, फाटक बंद झालं तर खाडा पडेल.

रुईचं गोदाम पेटलं होतं. आतले लोक जीव घेऊन बाहेर येत होते आणि बाहेरचे जीव तोडून आत शिरत होते. फाटकाचं एकच दार उघडं होतं. अक्का तिथं दारात चेंगराचेंगरीत सापडली. तिचा उजवा हात कोपरापासून खाली मोडला तो मोडलाच. वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या कामाला, ती पुन्हा उभी राहिली नाही. डाव्या हातानं विड्यांची बंडलं बांधायची, दोरा दातात धरून. आणि तुम्हाला साहेबांनी सगळ्यांसमोर सुनावलं, अवेळी भोंगा वाजवून गर्दी जमवली म्हणून, आणि बॉयलरवरून काढून कोळशाच्या यार्डात टाकलं.

त्या संध्याकाळी तुम्ही उंबऱ्यावर बसला होता. तोंड काजळलेलं, आईनं दिलेलं पाणी तसंच हातात. "अक्काला सांगितलं न्हाय का गं?" तुम्ही विचारलंत. आईनं माझ्याकडे बघितलं, कारण ती पुढं निघून गेली होती आणि मागं अक्काजवळ मी होते. मी म्हणाले, सांगितलं अण्णा. तिनं ऐकलं नाही.

तुम्ही कितीतरी वेळ मान हलवत राहिलात. त्यानंतर कुठंही काही झालं, दंगल असो, साथ असो, भूकंपाचे धक्के असोत, तुमचं एकच वाक्य असायचं, लोक ऐकत न्हाईत पोरी, सांगून उपेग न्हाय. पुढं मिलमध्ये साहेब बदलले. नव्या साहेबांनी तुम्हाला बोलावून विचारलं, तर खूण सुचवायलाही तुम्ही गेला नाहीत. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले, सुपरवायझर होऊन रिटायर झाले, आणि तेच वाक्य मी जन्मभर लोकांना ऐकवत आले. अक्काची गोष्ट सांगून ऐकवत आले. मी सांगितलं होतं हो, पण ऐकतं कोण!

आता रविवारचं पुरं करते. सगळे गाड्यांमागं असताना तळमजल्यावरची बाई बाहेर आली नाही, हे माझ्या लक्षात आलं. ती अक्कलकोटकडची, एकटी राहते, शेंगाचटणी आणि कडक भाकरी करून विकते. मी खाली गेले. घोट्याएवढं पाणी घरात, आणि ही शेंगांची पोती खाटेवर चढवत होती. मी दारातून सुरू केलं. बिल्डरला झोडलं, महापालिकेला झोडलं, चेअरमनला झोडलं, चार वर्षांचे अर्ज तारखांसकट सांगितले. ती म्हणाली, "येते की ताई, एवढी दोन पोती ठेवते." पाणी पोटरीला लागलं. मी आवाज चढवला. ती तिसऱ्या पोत्याला लागली. तेव्हा मला काय झालं कोण जाणे. मी चौकट धरून खाली बसले, त्या पाण्यात, आणि म्हणाले, माझा गुडघा गेला, मला उठता येईना.

पोतं तिथंच टाकून ती आली. मला काखेत धरलं, "सावकाश, ताई, सावकाश" करत एकेक पायरी चढवली. मी लंगडत होते. इतकी छान लंगडत होते की मलाच खरं वाटायला लागलं. आम्ही पहिल्या मजल्यावर पोचलो तेव्हा मागची भिंत कोसळल्याचा आवाज आला. वरून बघितलं तर तिची खाट पाण्याखाली गेली होती आणि पोती दारातून अंगणात तरंगत निघाली होती. गाड्यांमागचे लोक जिन्याला लटकून वर येत होते. सगळे वाचले. गाड्या नाही वाचल्या.

माझ्या घरी तिला कोरडं लुगडं दिलं. मी चहा ठेवायला ओट्याकडे गेले आणि ती माझ्या पायांकडे बघत राहिली. मग कानडी हेल काढून म्हणाली, "गुडघा लवकर बरा झाला की, ताई." मी चहा गाळून तिच्यापुढं ठेवला. तिनं कप हातात घेतला. "तुम्ही सांगितलं असतं तर आले असते की." मी उसळले, अर्धा तास काय करत होते मग मी? ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही भांडत होता, ताई. बिल्डरशी, साहेबाशी. पाणी खाटेच्या वर येणार, जीव जाईल, चल, असं कुटं सांगितलं? सांगितलं असतं तर कोण थांबतंय?"

कोण थांबतंय. तीन दिवस मी हेच घेऊन घरात फिरते आहे. चेअरमन काल येऊन मला चक्क नमस्कार करून गेले, खरा, दोन हातांचा, आणि म्हणाले, तुमचं ऐकायला पाहिजे होतं. एरवी मी त्यांना जिन्यातच तासभर उभं केलं असतं. मी दार लावून घेतलं.

हे पत्र कुठल्या खिडकीत द्यायचं? त्यावर पोच मिळणार नाही, म्हणून लिहायचं धाडस झालं. अण्णा, लोक ऐकत नाहीत, हे तुम्ही माझ्या शब्दावर धरून बसलात आणि तसेच गेलात. अक्का भाकरी तव्यावर टाकून उठली होती. माझ्या अगदी जवळून धावत गेली, जाताना खांद्याला धरून मला हलवलं आणि म्हणाली, "ए मडम, उभी काय राहिलीस? भोंगा झाला की!" दोन शब्द पुरले असते. माझ्या मनात आलं, जाऊ दे, होऊ दे हिची फजिती. मी तिला काहीच सांगितलं नाही. तिच्या उजव्या हाताचं पीठ माझ्या गणवेशाच्या खांद्याला लागलं होतं, पाचही बोटं दिसत होती. तळ्याकडं जाताना ते मी झटकून टाकलं.